आई म्हणते जाळून टाका, भाऊ म्हणतो लॅमिनेट कर: लंकेतून परत आलेल्या घरच्या पत्रांबद्दल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा शांतिसेनेत १९८७ ते ८९ श्रीलंकेत होते, मागच्या वर्षी गेले, मानेवाड्याचं घर रिकामं करताना त्यांच्या काळ्या ट्रंकेत तळाशी साठ-पासष्ट पत्रं सापडली, आईनं आणि आजीनं त्यांना पाठवलेली, बहुतेक निळी अंतर्देशीय, बऱ्याच पत्रांवर तारीख नाही, तीन एकमेकांना चिकटलेली. भाऊ म्हणतो लॅमिनेट करून फाईल करू, तुम्हाला पुस्तक करावंसं वाटते, आणि आई म्हणते जाळून टाका, त्यात काय ठेवलंय. तुम्ही विचारलं एवढंच की चिकटलेली पत्रं कशी सोडवायची आणि लॅमिनेशन चालते का. त्याचं उत्तर एका ओळीत देतो: लॅमिनेशन अजिबात नको, आणि चिकटलेली सध्या चिकटलेलीच राहू द्या. पण खरी गाठ तिथं नाहीच आहे, म्हणून लांबलचक लिहून राहिलो, चहा घेऊन बसा.

मी जुन्या कागदांच्या डागडुजीचं काम तीसेक वर्षं केलं, आधी नोकरीत आणि आता नागपूरच्या महाल भागातल्या घरीच, ओळखीतून कोणी आणलं तर. मालगुजारीचे कागद, लग्नपत्रिका, पोथ्या, खातेवह्या, सगळं हातून गेलं. पत्रं मात्र दर वेळी वेगळी निघतात, कारण पत्राला दोन मालक राहतात, लिहिणारा आणि ठेवणारा. तुमच्याकडं ठेवणारा गेला आणि लिहिणारी तुमच्याच घरात बसली आहे. तेव्हा मी खाली जे सांगतो त्यातलं अर्धं तरी आईच्या तब्येतीवर, तुमच्या-तिच्या बोलण्यावर आणि बाबांच्या आठवणीनं तिला आज काय होते त्यावर अवलंबून आहे, ते मला इथून दिसत नाही.

आधी हे समजून घ्या की तुमच्या हातात काय आलंय. सैनिकानं घरी लिहिलेलं पत्र आणि घरून त्याला गेलेलं पत्र, दोघांचं नशीब फार वेगळं. घरी आलेल्या पत्राला फडताळ असते, देव्हाऱ्याच्या मागची जागा असते, आईची साड्यांची पेटी असते. घरून गेलेलं पत्र जाते खिशात नाहीतर पिट्टूत, म्हणजे जवानाच्या पाठीवरच्या पिशवीत, घामानं भिजते, पावसात भिजते, चौकी हलली की मागे राहून जाते. अमेरिकेत १८६१ ते ६५ ची यादवी झाली तेव्हा तर कितीतरी शिपाई लढाईला निघण्याआधी घरची पत्रं जाळून टाकायचे, आपण पडलो तर समोरच्यांनी आपल्या बायकोचं पत्र शेकोटीभोवती वाचून हसू नये म्हणून. त्यामुळं तिथल्या संग्रहांत शिपायांनी घरी धाडलेल्या पत्रांचे ढीग आहेत आणि घरून आलेली त्या मानानं फार थोडी. आपल्याकडचं पाहा, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांचं टपाल सेन्सॉरवाले उघडून वाचायचे, त्यांनी इंग्रजीत उतरवून घेतलेले उतारे लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यात गावाकडून आलेल्या पत्रांचेही आहेत, पण मूळ पत्रं बहुतेक गेली ती गेलीच. म्हणजे बायकांनी काय लिहिलं ते आपल्याला कळते ते साहेबाच्या भाषांतरातून.

आता तुमचे बाबा. परक्या देशातली यादवी, ती १९८३ ला पेटली आणि २००९ पर्यंत चालली, आपली फौज मधल्या अडीच-पावणेतीन वर्षांपुरती. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला, नावच शांतिसेना, घरच्यांना वाटलं पोरं बंदोबस्ताला चालली, आणि ऑक्टोबरात जाफन्यात सरळ लढाई सुरू झाली. सुमारे बाराशे जवान तिकडून परत आले नाहीत. अशा ठिकाणाहून माणूस साठ-पासष्ट निळे कागद सांभाळून परत आणतो, ट्रंकेच्या तळाशी ठेवतो आणि पस्तीस वर्षं कोणाला दाखवत नाही. हा गठ्ठा आपोआप उरलेला नाही, तो माणसानं निवडून उरवला आहे. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं आपोआप ठरत जाते.

म्हणून पहिलं काम, गठ्ठा सोडू नका. सोडला असेल तर जेवढा आठवतो तेवढा आजच लिहून काढा: कशानं बांधला होता, नाडीनं की रबरानं, वर कोणतं पत्र होतं, कोणती एकात एक घातलेली होती, मध्ये फोटो, राखी, अंगाऱ्याची पुडी असं काही होतं का, कोणत्या पत्राच्या घड्या जास्त झिजल्या आहेत. हे मी इतक्या जोरानं का सांगतो तर माझ्याच हातून झालेला घोळ आहे. १९९७ च्या आसपास कामठी रोडकडचे एक रिटायर्ड सुभेदार माझ्याकडं असाच गठ्ठा घेऊन आले, तेही लंकेहून आलेले. मी नवाच होतो, उत्साह भारी. गठ्ठा सोडला, एकेक पत्र सरळ केलं, घड्या दाबून सपाट केल्या, तारखेप्रमाणे लावलं, नंबर टाकले, सुंदर फोल्डर करून दिलं आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. त्यांनी चाळलं आणि विचारलं, ती चार कुठं आहेत? ती चार म्हणजे तंबाखूच्या प्लास्टिकच्या पिशवीत चौघडी करून वेगळी ठेवलेली, मी तीही काढून तारखेच्या ओळीत बसवली होती. म्हटलं तारीख सांगा, काढून देतो. ते म्हणाले, "तारीख मले काय माहीत, मले घडी माहीत होती." अंधारात हातानं ओळखायचे ते. मी ती ओळखच इस्त्री करून टाकली होती. चारपैकी दोन त्यांनी शोधली, दोन शेवटपर्यंत पटली नाहीत. तेव्हापासून मी कोणाचाही गठ्ठा आला की आधी आहे त्या क्रमानं पेन्सिलनं चिठ्ठ्यांवर नंबर टाकतो, फोटो काढतो आणि मगच हात लावतो. तारखेप्रमाणे लावायचं ते वहीत किंवा कॉम्प्युटरवर, खऱ्या कागदांचा क्रम ठेवणाऱ्याचाच राहतो.

आता आई. ही खरी गाठ.

"जाळून टाका" याचे दोन अर्थ असतात आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत. एक अर्थ असा की त्यात काहीच नाही, सगळं म्हशीचं, किराण्याचं आणि पाहुण्यांचं, लोकांनी वाचावं असं मी काय लिहिलं. दुसरा अर्थ असा की त्यात फार काही आहे. तेव्हाची वीस-बावीस वर्षांची सून, घरात सासू-सासरे-दीर, पत्र लिहून झालं की बंद करायच्या आधी कोणीतरी वाचणार हे माहीत असलेली, तिनं त्यातून वाट काढून जे लिहिलं असेल ते तिनं एकाच माणसाला लिहिलं होतं, मुलीला नाही आणि पुस्तकाच्या वाचकाला तर नाहीच. कोणता अर्थ आहे ते तुम्ही विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि कळेपर्यंत माझं स्पष्ट म्हणणं आहे की पुढची पत्रं वाचू नका. फोटो काढताना नजर पडते ते वेगळं, पण बसून वाचणं थांबवा. कायद्यानंही तेच आहे बरं का, कागद वारसांचा झाला तरी मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा राहतो, हयातभर आणि नंतरही ६० वर्षं. म्हणजे तुमच्या पुस्तकाला आईची परवानगी लागेल, आजी गेली असेल तर तिच्या सगळ्या वारसांची, काका-आत्या धरून. पण घरात कायदा काढू नका, तो मी तुमच्या भावासाठी सांगितला.

विचारायचं कसं, तर "तुला तेव्हा काय वाटायचं गं" असं विचारलं की उत्तर येते "काय वाटणार". चाळीस घरांत तरी हेच ऐकलं. वस्तू विचारा. अंतर्देशीय कोण आणायचं, एकदम किती आणायचं, पेटीत टाकायला कोण जायचं, तू स्वतः की सासऱ्यांच्या हाती द्यायचीस, लिहायला कधी बसायचीस, कंदील की लाईट, बाबांचं पत्र आलं की आधी कोणाच्या हातात पडायचं. एवढ्यावर ती अर्धा तास बोलेल, आणि त्या अर्ध्या तासात तुम्हाला कळून जाईल की जाळायचं म्हणते ते कोणत्या कारणानं. काही घरांत मधला मार्ग निघाला आहे, आईनं स्वतः बसून पत्रं पाहिली, आठ-दहा बाजूला काढली, त्यांचं पाकीट शिवून टाकलं, आणि बाकीची खुली केली. एका मावशींनी पाकिटावर लिहिलं होतं, मी गेल्यावरही उघडू नका. उघडलं नाही अजून, माझ्या माहितीत तरी. आणि समजा आई सहा महिन्यांनी, वर्षानंतरही म्हणाली की जाळायचंच, तर? माझ्यासारख्या कागदवाल्याला लिहिताना जीभ चावावीशी वाटते, पण तिचा शब्द आहे तो. फक्त रडण्याच्या भरात, वर्षश्राद्धाच्या आसपास काही होऊ देऊ नका, एवढं पाहा.

आई हो म्हणाली असं धरून पुढचं लिहितो, कारण इथून कामाचा भाग मजेचा आहे.

पत्त्यापासून सुरू करा. एकाही पत्रावर श्रीलंका हा शब्द सापडायचा नाही. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी "मार्फत ५६ एपीओ". माझ्याकडं एक इंजिनिअर पोरगा आला होता, त्यानं ५६ एपीओ गुगल मॅपवर शोधलं होतं बिचाऱ्यानं, त्याला वाटलं आजोबा तिथंच राहायचे. ते गाव नाही, ते सैन्याच्या टपालाचं नाव आहे. ५६ चं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जायचं, पूर्वेकडच्या युनिटांसाठी ९९ एपीओ, ते कलकत्त्याला. तिथं युनिट आज कुठं आहे ते माहीत असायचं, तिकडं थैली रवाना. युनिट पठाणकोटला असो की लंकेतल्या वावुनियाला, घरच्यांचा पत्ता बदलत नाही आणि पाकीट पाहून कोणाला ठावठिकाणा कळत नाही. पिनकोड आला १९७२ ला, त्यात ९ नं सुरू होणारे नंबर सैन्याच्या टपालाचे. आणि हे काम करणारी माणसं तयार कुठं होतात तर कामठीत, आर्मी पोस्टल सर्व्हिसचं सेंटर तिथंच आहे, तुमच्या मानेवाड्याहून वीसेक किलोमीटर. आईनं पत्र पेटीत टाकलं नागपुरात आणि ते ज्याच्या हातून बाबांना मिळालं तो कामठीत शिकून गेलेला असू शकतो. मला हे फार आवडते, म्हणून सांगितलं, याचा तुम्हाला उपयोग काही नाही.

उपयोग आहे तो शिक्क्यांचा. अंतर्देशीयवर छापील तिकिटाच्या अंगावर जो गोल शिक्का आहे तो नागपूरचा, त्यात तारीख असते, अर्धी पुसलेली असली तरी भिंगानं महिना लागतो. मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का मिळाला तर फील्ड पोस्ट ऑफिसचा, त्यात गावाचं नाव नसते, नुसता नंबर आणि तारीख. दोन्ही असले तर पत्राला किती दिवस लागले ते मिळते. नसले तर पुढच्या पत्रात शोधा, "तुमचं १२ तारखेचं पत्र काल मिळालं" अशी ओळ बहुतेक असतेच. काही बायका स्वतःच नंबर टाकायच्या, पत्र नंबर १४, पत्र नंबर १५, कारण तिकडं कधी चार पत्रं एकदम मिळायची आणि उलट्या क्रमानं वाचली की आधी बारसं आणि मग बाळंतपण असा प्रकार व्हायचा.

आणि शिक्का पूर्ण गेला असेल तर मजकुरातून तारीख काढायची, यात तर मला गुप्तहेराची मजा येते. तुमच्या काळासाठी काही खुणा देतो. पत्रात नागपूरच्या मॅचची गर्दी, गावस्करची सेंच्युरी असं काही आलं तर ते पत्र ३१ ऑक्टोबर १९८७ नंतरच्या दोन-चार दिवसांतलं धरा, वर्ल्ड कपची न्यूझीलंडविरुद्धची मॅच, व्हीसीएच्या, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर, गावस्करचं वन-डेतलं एकमेव शतक आणि चेतन शर्माची हॅटट्रिक एकाच दिवशी. दिराला त्यातच रस असणार, आणि त्याच महिन्यात मोठा भाऊ जाफन्यात ऑपरेशन पवनमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच लढाईत, हे घरात कोणाला नीट माहीत नव्हतं, किंवा होतं आणि म्हणूनच मॅचबद्दल लिहिलं, ते आईला विचारा. रविवारी शेजाऱ्यांकडं रामायण पाहायला जातो असं असेल तर जुलै १९८८ च्या आतलं, महाभारत असेल तर ऑक्टोबर १९८८ नंतरचं. पाऊस नाही, विहीर आटली, पेरणी वाया गेली असं रडगाणं पावसाळ्यात असेल तर १९८७, तो देशभरच दुष्काळाचा पावसाळा होता. सगळ्यात पक्की खूण अधिक महिन्याची. तो १९८८ ला ज्येष्ठात आला होता, मे-जूनमध्ये. "आईनं तुमचं वाण काढून ठेवलं आहे, तुम्ही नाही तर कोणाला देणार" अशी ओळ दिसली की डोळे मिटून १९८८ चा उन्हाळा. त्याच अधिकामुळं पोळा १९८७ ला ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात पडला आणि १९८८ ला थेट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे "पोळा झाला, तान्हा पोळ्याला पिंट्यासाठी लाकडी बैल आणला, मारबत पाहायला जागनाथ बुधवारीत गेलो" असं असलं आणि शिक्क्यातला नुसता महिना लागला तरी वर्षाचा अंदाज बांधता येतो. जुनं कॅलेंडर नाहीतर पंचांग जवळ घेऊन बसा. एक मात्र पाळा, अंदाजानं काढलेली तारीख चौकटी कंसात लिहा आणि बाजूला कशावरून काढली ते लिहा, नाहीतर पाच वर्षांनी तुम्हालाच ती खरी वाटायला लागते.

वाचायचं कसं यावर थोडं. मधला मजकूर सगळ्यांचा सारखाच दिसेल. पत्रास कारण की, इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे, काळजी करू नये. नवीन माणूस इथंच कंटाळतो आणि म्हणतो आई बरोबर म्हणत होती, काही नाही यात. थांबा. अंतर्देशीयला जागा मोजून, आणि लिहून झालेलं पत्र मोठ्यांच्या नजरेखालून जाणार, मग खरी ओळ कुठं जाते? ती जाते कडेला, कागद आडवा करून उभ्या समासात, किंवा डिंक लावायच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, जी चिकटवायच्या अगदी आधी लिहिता येते आणि बंद झाल्यावर कोणाला दिसत नाही. मी पाहिलेल्या गठ्ठ्यांत "अंगठी मोडली, विचारू नका", "बाळ तुमच्या फोटोला मामा म्हणते", "रेडिओ लावत नाही आता" अशा ओळी सगळ्या समासात नाहीतर पट्टीवर. अमेरिकेतल्या त्या यादवीच्या काळात कागद वाचवायला लोकं पान भरलं की ते आडवं फिरवून लिहिलेल्यावरच दुसरा मजकूर लिहायचे, जाळीसारखा, तेही असंच फिरवून फिरवून वाचावं लागते. म्हणून प्रत्येक पत्राच्या चारही कडा आणि पट्टीची आतली बाजू पाहिल्याशिवाय पत्र वाचलं असं समजू नका. आणि पट्टीवर मजकूर असतो म्हणूनच चिकटलेली पत्रं ओढून सोडवू नका म्हणतो, पट्टी फाटली की नेमकं तेच जाते.

आजीच्या पत्रांचं वेगळं. आजीला लिहिता येत होतं का ते आधी विचारा. आजीच्या नावाच्या चार पत्रांत तीन हस्ताक्षरं दिसली तर गडबड काही नाही, शेजारचा शाळकरी पोरगा, दीर, कधी खुद्द सूनच लिहून द्यायची. मग गंमत अशी होते की आजीच्या पत्रात सुनेची तक्रार सुनेच्याच अक्षरात येते. उतरवून काढताना कोण बोलतंय आणि कोण लिहितंय हे दोन्ही नोंदवा. आणि शुद्धलेखन सुधारू नका हो. "काऊन", "पोट्टे", "येऊन ऱ्हायले" हे तसंच ठेवा. एका घरातल्या शिकलेल्या नातवानं आजीचं सगळं पुणेरी करून छापलं होतं, आजी एकदम रेडिओवर बातम्या देणारी बाई झाली.

आता कागद, हे पटकन सांगतो.

लॅमिनेशन नको ते यासाठी की गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही, कागदातलं आम्ल आतच कोंडते, आणि पिवळं पडून ठिसूळ झालं की प्लास्टिकसकट फेकावं लागते. तुमच्या भावानं कुठंतरी वाचलं असेल की सरकारी अभिलेखागारात लॅमिनेशन करायचे, खरं आहे, पण ते वेगळं, पातळ टिश्यू आणि ॲसिटेट फॉइल ॲसिटोननं बसवायचे, आणि ॲसिटोननं बॉलपेनची शाई पसरते, म्हणजे तुमच्या कामाचं तेही नाही. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, पीव्हीसीची वास येणारी कव्हरं नको. पाण्याचा थेंब लावू नका, दौतीतल्या शाईचं पेन असेल तर ती धुऊन जाते आणि जांभळ्या कॉपिंग पेन्सिलनं लिहिलेलं असेल तर ओलं होताच पसरते. टाचण्या, स्टेपल गंजल्या असतील तर फोटो काढून झाल्यावर हळू काढा, ओढायच्या नाहीत, पाय सरळ करून काढायच्या.

फोटो खिडकीशी, सकाळच्या उजेडात, फ्लॅश न मारता, पूर्ण उघडून दोन्ही बाजू, शिवाय बंद घडीत पत्त्याची बाजू. शेजारी चिठ्ठीवर नंबर ठेवा, पत्रावर पेन चालवायचं नाही. तीन ठिकाणी कॉपी ठेवा, एक भावाकडं, त्यालाही काम मिळते.

ठेवायचं कसं, तर पेशवे दप्तरातले कागद ज्याला रुमाल म्हणतात तशा कापडात बांधून राहिले, तेच करा. जुनं, खूपदा धुतलेलं, खळ नसलेलं पांढरं सुती कापड, आत प्रत्येक पाच-सहा पत्रांमध्ये कोरा ॲसिड-फ्री कागद, मोठ्या स्टेशनरी दुकानात मागवून देतात, आणि मग पुठ्ठ्याच्या डब्यात. डब्याऐवजी तीच ट्रंक वापरली तरी हरकत नाही, आतून गंज पुसून. पण ट्रंक जमिनीला टेकवू नका आणि पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. आणि नागपूरकरांनी ऐकावं असं एकच, कुलरच्या खोलीत नको. बाहेर ४५ डिग्री, हवा कोरडी खडखडीत, आणि आत दिवसभर कुलरची ओल, रात्री बंद, कागद फुगतो-आकसतो, घड्या तुटतात, जुलैत बुरशी. तुमची तीन पत्रं चिकटली ती माझ्या अंदाजानं अशीच, पट्टीचा डिंक ओल धरून. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका, कडुलिंबाचा पाला ओला तर अजिबात नको. कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, दिसली तर पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा, दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये, काढल्यावर एक पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर बाष्प धरते. ऐकायला विचित्र वाटते, पण कीड मरते आणि कागदाला काही होत नाही.

एक राहिलंच. बाबांनी आईला लिहिलेली पत्रं. फील्डमधल्या जवानांना घरी लिहायला फुकटची फोर्सेस लेटरं मिळायची, म्हणजे तिकडूनही पन्नास-साठ आली असणार. ती कुठं आहेत असं तुम्ही कुठंच लिहिलं नाही. आईनं आधीच जाळली असतील तर "जाळून टाका" हे ती काही पहिल्यांदा म्हणत नाही, आणि जपून ठेवली असतील तर तिला माहीत आहे ट्रंकेत काय होतं. हा प्रश्न शेवटी विचारा, वस्तूंचे सगळे प्रश्न झाल्यावर, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारू नका.

ती वाचायला तयार झाली तर तुम्ही वाचून दाखवू नका. तिचा चष्मा द्या, ट्यूबलाईट लावा, एकच पत्र हातात द्या आणि तुम्ही आत जाऊन भाजी चिरत बसा. आणि त्या तीन चिकटलेल्या पत्रांचे दोन्ही बाजूंनी आणि कडेनं असे फोटो टाका, नुसती पट्टी धरली असेल तर मी सांगतो कसं करायचं, शाई एकमेकांत उतरली असेल तर महालात घेऊन या. मे लागायच्या आत आणलं तर बरं, नंतर माझ्याकडंही कुलर सुरू होतो.